शेवटून नववा

“पुढची मान्सं कवाच गेली की. तुमी ऱ्हायला व्हय मागं?”

गुंजवण्याच्या वर, राजगडाचा खरा चढ सुरू होण्याआधी, एका आंब्याखाली चार बांबू आणि वर निळी ताडपत्री एवढंच ते दुकान. ताकाच्या कळशीवर ओलं फडकं टाकून आजी बसल्या होत्या. माझ्या छातीवर नंबराचा कागद, पाठीला पाण्याची पिशवी, मोज्यांत कुसळं. मी म्हटलं, “राहिलो नाही आजी, मुद्दामच सावकाश चाललोय.” त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पेला पुढे केला आणि विचारलं, “सावकास जायचं हुतं तर पैशे कशापायी भरलं?”

पेला संपला, दुसराही संपला, उत्तर काही सुचलं नाही. पैसे ठेवले आणि चढाला लागलो. प्रश्न मात्र उरलेला दिवसभर माझ्या मागोमाग गड चढत राहिला.

सिंहगड, राजगड, तोरणा ही वाट ट्रेकर मंडळींना नवी नाही. पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन-तीन दिवसांत ती करायची अशी जुनी रीत. मी ती पहिल्यांदा केली तेव्हा कॉलेजात होतो. रॉकेलचा स्टोव्ह, एक गळकी वळकटी आणि तांदळात सांडलेलं रॉकेल एवढं आठवतं. आता त्याच वाटेवर डिसेंबरात शर्यत होते, ५३ किलोमीटरची, एका दिवसात. पहाटेच्या अंधारात सिंहगडाच्या पायथ्याशी कपाळावरचे दिवे लावून सगळे सुटतात आणि तिन्ही गड पालथे घालून वेल्ह्यात पोहोचतात. पुढचे लोक दुपारच्या जेवणाला वेल्ह्यात असतात. माझी तिथं दिवेलागण होते.

खरं तर या मुलखात सावकाश जाणं म्हणजे औचित्यभंगच. इथली सगळी कीर्ती वेगाची आहे. रातोरात कडा चढून जाणारे, खबर घेऊन धावणारे, शत्रू जागा होईपर्यंत पसार होणारे. आग्र्याहून सुटून महाराज परतले तेही याच राजगडावर. तिथं एक निवृत्त बँक कर्मचारी खिशातली चिक्की चघळत, फुलपाखरं बघत चालला आहे हे दृश्य त्या बुरुजांना कसं वाटत असेल, कोण जाणे.

पुणेकर आणि डोंगर यांच्या मध्ये घड्याळ फार आधीपासून आहे. आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढणाऱ्या नेहमीच्या माणसाला तुम्ही “कसं वाटतं वर?” असं विचारत नाही; “किती मिनिटं लागतात?” असं विचारता. तोही दचकत नाही. गेल्या रविवारी अडतीस, त्याच्या आधी एक्केचाळीस, मध्ये मे महिना होता म्हणून पन्नास, असा हिशोब त्याच्या तोंडावर असतो. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, पण मिनिटं आधी सांगायची. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा सांगून ठेवला आहे: दर तीन मैलांना एक तास, आणि वर चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि चढ सुमारे सहाशे मीटर, म्हणजे जवळजवळ दोन हजार फूटच. नेस्मिथच्या हिशोबानं दीड तास झाला. गंमत म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्या, मध्ये दोनदा लिंबू सरबताला थांबणाऱ्या साध्या माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. ट्रेल रनिंगची आंतरराष्ट्रीय संघटना आजही असाच हिशोब करते: चढाचे शंभर मीटर म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर. म्हणजे आतकरवाडी ते सिंहगड हे अंतर अंगाच्या भाषेत पावणेतीन नसून पावणेनऊ किलोमीटर आहे. अंग हा हिशोब पाठ न करताच जाणतं. पण आपण अंगाला विचारतो कुठं?

मी विचारलं नव्हतं. या शर्यतीचा माझा पहिला प्रयत्न सिंहगडाच्या पहिल्याच सोंडेवर संपला होता, फक्त ते मला कळलं वीस किलोमीटर पुढे. सुरुवातीला हवा गार, पाय ताजे, आजूबाजूला दिव्यांची रांग आणि प्रत्येकजण धापा टाकत का होईना पण पळतो आहे. आपणच चालायचं? लाज वाटली, म्हणून पळालो. राजगडाच्या पायथ्याशी डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या, मग मांडीत असा काही की मी एका बांधावर आडवा पडून आभाळाला शिव्या दिल्या. दोन पोरांनी पाय दाबून दिले, जीपमध्ये बसवलं. पळणाऱ्यांच्या भाषेत त्याला डीएनएफ, ‘डिड नॉट फिनिश’, म्हणतात. निकालपत्रकात वेळेच्या जागी ती तीन अक्षरं येतात. शाळेत नापासाला लाल शाई असायची, तसंच काहीसं.

त्या दिवशी काय झालं ते नंतर वाचून कळलं, आणि बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ते लगेच पटलं. शरीराची दोन खाती असतात. एक बचत खातं: स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. कधीही काढा, झटकन मिळते, पण शिल्लक फार तर दोन हजार कॅलरींची. दुसरी मुदत ठेव: चरबी. सडपातळ माणसाच्या अंगावरही ती पन्नास हजार कॅलरींहून जास्त निघते, फक्त ती हळूहळू मोडता येते, खिडकीवर घाई केलीत तर कारकून मान वर करत नाही. सपाट रस्त्यावर पळताना किलोमीटरला आणि वजनाच्या किलोला साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन पासष्ट. ५३ किलोमीटरचे झाले जवळजवळ साडेतीन हजार, आणि इथं सपाटी औषधाला नाही. म्हणजे बचत खात्यावर हा प्रवास होणारच नव्हता. धाप लागेल इतकं जोरात पळालं की शरीर बचत खात्यातूनच उपसतं. बोलता येईल इतक्या वेगानं गेलं की ठेवीतून देतं. बोलता येईल इतका वेग, हीच सगळी मेख. यंत्र लागत नाही. शेजारच्याला एक सलग वाक्य सांगा, मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे. शेजारी नसेल तर स्वतःशी बोला. डोंगरात ते खपून जातं.

पुण्या-मुंबईच्या पळणाऱ्या मंडळींत रविवारच्या अशा लांब, संथ पळण्याला ‘एलएसडी’ म्हणतात. लाँग स्लो डिस्टन्स. जो हेंडरसन या अमेरिकी लेखकाची याच नावाची छोटी पुस्तिका १९६९ साली आली, आणि तिच्या उपशीर्षकात सरावाची माणुसकीची रीत असं म्हटलं होतं. मला त्यातला माणुसकी हा शब्द फार आवडतो. त्या काळी सराव म्हणजे छाती फुटेपर्यंत पळणं, हे इतकं गृहीत होतं की स्वतःला न छळणं हा शोध ठरला. (आमच्या गटातल्या एका मुलानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकून “उद्या पहाटे एलएसडी आहे, कोण कोण येतंय?” असं टाकलं होतं. त्याच्या मामांचा रात्री साडेअकराला फोन आला.)

पण वेग कमी ठेवणं हे वाचायला सोपं आहे. सिंहगडाच्या सोंडेवर मागून पावलं वाजतात. कुणीतरी म्हणतं, “काका, जरा डावीकडून.” तुम्ही बाजूला होता. कारवीच्या वाळक्या काड्या पोटरीला ओरबाडतात. तो जातो. मग आणखी एक. मग तिघींचा घोळका, त्यांतली एक फोनवर बोलते आहे. मग एक माझ्याहून जाडा गृहस्थ, आणि इथं खरी परीक्षा. त्याला जाऊ देताना पोटात जे काही हलतं, ते बँकेत कनिष्ठाला आपल्या आधी बढती मिळाली तेव्हा हललं होतं, अगदी तेच. पहिला तासभर मी पायांवर नाही, त्या हलण्यावर लक्ष ठेवून असतो. वाट देणं ही क्रिया मी या खेपेला बहुधा साठ-सत्तर वेळा केली असेल. तिसाव्या वेळेनंतर तिच्यात मजा येऊ लागते. “या, या, या,” असं आपोआप तोंडून निघतं, दारात उभ्या यजमानासारखं.

तोवर उजाडतं. पूर्वेला सूर्य वर येतो, गवतावरचं दव एकदम पेटल्यासारखं चमकतं आणि कल्याण दरवाज्यापलीकडे डोंगरांच्या ओळीमागं ओळी दिसू लागतात. दूरवर राजगडाचा बालेकिल्ला. तिथवर जायचं आहे, हे डोळ्यांना पटत नाही.

चढ सगळे चालायचे, हात गुडघ्यांवर टेकवून. उतारावर लहान पावलं टाकायची. उतार फसवा असतो. चढाला दम लागतो म्हणून माणूस स्वतःहून आवरतो. उताराला दम लागत नाही, म्हणून तो सुटतो, आणि प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत राहतो. तेव्हा दुखत नाही, तासा-दीड तासानं बिल येतं. मुरमाड घसाऱ्यावर तर ब्रेक लावता लावता टाचा घासतात. आमच्या गावाकडची माणसं बाजाराची पाटी डोक्यावर घेऊन घाट उतरायची तेव्हा पावलं कशी टाकायची ते मी लहानपणी पाहिलं होतं: गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीवर ठेवलेलं, आपटलेलं नाही. सिंहगडावर दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका पाहा. त्या कधी पळत नाहीत, कधी थांबतही नाहीत, आणि वर पोहोचल्या की लगेच गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घालण्याइतका श्वास त्यांच्याकडे शिल्लक असतो. बोलता येईल इतका वेग, तो हाच.

आता आजींच्या प्रश्नाकडे. रमतगमतच जायचं तर शर्यतीत का? एखाद्या मंगळवारी फुकट का जाऊ नये?

मला वाटतं, मी पैसे मुदतीसाठी भरले.

लांब शर्यतींना कट-ऑफ असतो. अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचला नाहीत तर तुमचा नंबर काढून घेतात. ही कल्पना थेट घोड्यांपासून आली आहे, निदान एका शर्यतीत तरी. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत शंभर मैलांची एक घोड्यांची शर्यत होते, टेव्हिस कप. घोड्यानं २४ तासांत अंतर कापायचं. १९७४ साली गॉर्डी एन्स्ली नावाच्या गड्याकडे धड घोडा नव्हता. आदल्या वर्षी त्याचा घोडा वाटेत लंगडला होता. तेव्हा हा स्वतःच घोड्यांबरोबर पळत सुटला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोहोचला. त्यातून पुढं वेस्टर्न स्टेट्स ही माणसांची शर्यत उभी राहिली. तिथं २४ तासांच्या आत येणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं आणि ३० तासांच्या आत येणाऱ्याला ब्राँझचं. घोड्याची मुदत वेगळी आणि माणसाला सहा तास सवलत, असा हा करार.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला आपल्याकडून पुष्कळ लोक जातात. ती रस्त्यावरची शर्यत, नव्वदच्या आसपास किलोमीटर, मुदत १२ तास. बाराव्या तासाच्या ठोक्याला एक पदाधिकारी समाप्तीरेषेवर बंदूक उडवतो, धावपटूंकडे पाठ करून. कोण येतं आहे ते त्यानं पाहायचं नाही. त्या पाठीत क्रूरपणा आहे असं लोक म्हणतात. मला तो सौजन्याचा प्रकार वाटतो: शेवटच्या माणसाचं तोंड पाहून मुदत वाढवली, तर बारा तासांना काही अर्थच उरला नाही, आणि मग अकरा तास एकोणसाठ मिनिटांत आलेल्याच्या पदकालाही नाही.

मुदत लावली की पाठोपाठ एक दुसरी गोष्ट जन्माला येते: शिल्लक. मी मनगटावर निळ्या पेनानं प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून घेतली होती. घामानं दोन आकडे पसरले, बाकीचे वाचता येत होते. गुंजवण्याला मी मुदतीच्या ३१ मिनिटं आधी पोहोचलो. ही माझी कमाई. ती पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवायची, की खर्चायची? पुढचे लोक राखून ठेवतात, त्यांचा सगळा आनंद साठवण्यात आहे. माझा खर्चण्यात. बारा मिनिटं ताकाला दिली. चोरदरवाज्याच्या आधी, रेलिंग धरून चढताना, वरून उतरणाऱ्या शाळेच्या सहलीसाठी चार मिनिटं थांबलो, एका मुलीनं माझा नंबर मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “आजोबा, तुमचा हा रोल नंबर का?” पद्मावती माचीवर तीन मिनिटं पाय तळ्याकडे करून बसलो आणि मोज्यांतली कुसळं एकेक काढली. कुसळ काढायला घाई चालत नाही. ओढलं की अर्धं आत राहतं आणि पुढचे वीस किलोमीटर ते तुमच्याशी बोलत राहतं. नखांच्या चिमटीत धरून, आलं त्याच दिशेनं परत न्यायचं असतं.

आणि सात मिनिटं संजीवनी माचीला. ही माची जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, डोंगराच्या धारेवर सापासारखी पसरलेली, दुहेरी तटाची. दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरलो की वारा एकदम बंद होतो. बाहेर भणभणाट, आत दगड तापल्याचा वास आणि एक पाकोळी. मी तटाला तळहात टेकवून उभा राहिलो. चिरे उन्हाच्या बाजूला कढत होते आणि हात सांध्यात घातला तर आतून गार. बस, एवढंच. राजगड २०२५ मध्ये, मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, युनेस्कोच्या यादीत गेला. ते वाचून आनंद झाला होता, पण तो डोक्यातला. हा हातातला. आणि मला पुरतं ठाऊक होतं की या सात मिनिटांची किंमत तोरण्याच्या चढावर मोजावी लागणार आहे. ती किंमत ठाऊक होती म्हणूनच मी तिथं तसा उभा राहिलो. फुकट असतं तर फोटो काढून पुढं गेलो असतो.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, आता काय, सवडच सवड. मीही पहिले काही महिने तेच म्हणत होतो. मग लक्षात आलं, मला मिळाला होता तो वेळ. सवड वेगळी. दोन कामांच्या मध्ये जी फट राहते, तिला सवड म्हणतात. कामंच उचलून नेली तर फट कशाच्या मध्ये राहणार? बँकेत असताना साडेचार वाजता टेबल आवरून, कॅश जुळल्यावर, सहाच्या बसच्या आधी कोपऱ्यावर उभं राहून प्यायलेला चहा सवडीचा होता. आता मी दिवसातून चार वेळा चहा पितो आणि त्यांतला एकही आठवत नाही. डोंगरातली शर्यत मला दिवसभरासाठी कामं परत देते, मुदतीसकट, आणि मग त्यांच्या फटीत मी माझा चहा पितो.

हे सगळं फार गोड लिहिलं जातंय, तेव्हा दुसरी बाजूही नोंदवतो. रमतगमत हा शब्द ऐकून कुणाला हे सोपं काम वाटेल. आल्प्समधल्या यूटीएमबी या शर्यतीत, शंभराहून जास्त मैल आणि दहा हजार मीटर चढ, किलियन जोर्नेट २०२२ साली १९ तास ४९ मिनिटांत पोहोचला. मुदत होती साडेसेहेचाळीस तास. म्हणजे किलियन अंघोळ करून, जेवून, एक रात्र झोपून उठला तरी शेवटचे लोक अजून डोंगरात, दुसरी रात्र जागून, उभ्या उभ्या डुलक्या घेत चाललेले. ऊन त्यांनाच जास्त, थंडी त्यांनाच जास्त, फोडही त्यांनाच. वेगवान माणूस तीव्र सोसतो, संथ माणूस लांबलचक. आणि सावकाशीची स्वतःची दुखणीही आहेत. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं निघालं. चार तासांहून जास्त वेळ लावणाऱ्यांत, वाटेवर पाणी पीत पीत आलेल्यांत हे जास्त. निवांत माणूस प्रत्येक टेबलापाशी थांबतो आणि दिसेल ते पाणी पितो. म्हणून मी मीठ लावलेला उकडलेला बटाटा सोडत नाही. तोरण्याखाली, दुपारी तीन वाजता, स्टीलच्या परातीतला, मीठ-तिखट भुरभुरवलेला अर्धा बटाटा ज्यानं खाल्ला नाही, त्याच्याशी मी पाककृतींची चर्चा करणार नाही.

दुसरी टोचणी याहून मोठी. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. त्यांच्यावर पुढं चित्रपटही निघाला. त्यांना कुणी बोलता येईल इतका वेग ठेवायला सांगितला असता का? पैसे भरून हरण्याची चैन मला परवडते, हे आजींना पहिल्या नजरेत दिसलं होतं. त्यांच्या प्रश्नात कुतूहल होतं, थोडी थट्टा होती, आणि त्याखाली हेही होतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन पेले ताक हे त्याचं उत्तर नव्हे.

शिवाय माझी सवड दुसऱ्यांच्या वेळातून येते. प्रत्येक टेबलापाशी गावातली, कॉलेजातली पोरं सकाळपासून उभी असतात. पहिला धावपटू येतो तेव्हा टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल. माझ्यासारखे येतात तेव्हा सतरंजी अर्धी गुंडाळलेली असते आणि केळी काळी पडलेली. तरी ती पोरं थांबलेली असतात. शेवटच्या माणसाच्या मागून दोघं चालत येतात, त्यांना स्वीपर म्हणतात. कुणी मागं राहिलं तर सोबत करायची, आणि झाडाझुडपांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडवत यायचं. अळू दरवाज्यातून उतरून भुतोंड्याच्या रस्त्याची खिंड ओलांडली, तोरण्याच्या धारेला लागलो, तेव्हा मला त्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. बुधला माचीच्या अलीकडे त्यांनी मला गाठलंच. त्यांतल्या एकाच्या मुठीत केशरी फितींचा हा एवढा झुबका.

“घाई नाही काका,” तो म्हणाला. “तुमच्या मागं अजून आठ जण होते. दोघांना जीपनं पाठवलं, बाकीचे येताहेत, सोबत आमची पोरं आहेत.”

“मग तुम्ही पुढं कसे?”

“ते लई गप्पा मारतात. आम्हाला अंधाराच्या आत फिती काढायच्यात. त्यांना वाट पाठ आहे.”

म्हणजे माझ्याहून निवांत माणसं होती. मला थोडी ईर्ष्याच वाटली, आणि तिचं हसूही आलं. मी थोडा वेळ त्या मुलाच्या मागं चाललो. तो करवंदीच्या जाळीपाशी थांबायचा, गाठ दातांनी सैल करायचा, फीत मुठीत घ्यायचा. त्याच्या पुढं शर्यत होती. तो जिथून गेला तिथं मागं नुसता डोंगर राहत होता, कालच्यासारखा.

१,४०३ मीटरच्या त्या गडावर मी सूर्य बुडताना होतो. उतार दिव्यात उतरलो. वेल्ह्यात मुदतीच्या १४ मिनिटं आधी पोहोचलो. निकालात शेवटून नववा. जीपनं गेलेल्या दोघांना धरून. पदक घरी नातवानं दाराच्या कडीला अडकवलं आहे, दार उघडताना वाजतं.

फेब्रुवारीत पुन्हा गुंजवण्याला गेलो. मंगळवार होता, मुद्दाम. खाली डोंगराला कुणी वणवा लावून गेलेलं, उतार काळे, आंब्याला मात्र मोहर आलेला आणि त्यावर माश्यांचा गुंजारव. आजींनी ओळखलं नाही. मी आठवण करून दिली, नंबराचा कागद, मोज्यांतली कुसळं. “आसंल बाबा,” त्या म्हणाल्या, “लई येत्यात.” मग कळशीवरचं फडकं बाजूला करून पेला भरला.

ताक तेच होतं. जिरं, हिरवी मिरची, किंचित आंबट. सावली तीच, उलट मोहराचा वास जास्तीचा. पुढं कुठं जायचं नव्हतं, मागून कुणी येत नव्हतं. मी पेला अर्धा संपवला, दगडावर ठेवला, पुन्हा उचलला. गडाकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं.

“कुटं जायचंय?” आजींनी विचारलं.

“कुठं नाही.”

“मंग घड्याळ काय बघताय सारखं?”